मामाच्या गावात एक्स्ट्रा बेड

"काकू, मोटर बंद झाली की जरा भिंतीशी या. मोठ्यानं सांगण्यासारखं नाहीये."

"आले, आले. वरची टाकी भरू दे. आजचं पाणी गेलं की पुन्हा कधी, ते महापालिकेलाच ठाऊक. हां, बोल."

"नणंदबाई येतायत पुण्याहून. पाचही जण."

"मग बरंय की. सुट्टीत भाचरं घरात असली म्हणजे..."

"घरात नाही हो. हॉटेलात उतरतायत."

काकूंनी पाइप हौदात सोडला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. सिडकोच्या रो-हाउसमधली ही मागची भिंत जेमतेम छातीएवढी. लग्नं, बदल्या, भांडणं, दहावीचे निकाल, सगळं तिच्यावरून इकडचं तिकडं झालेलं. पण सख्खी बहीण भावाच्या गावात येऊन हॉटेलात उतरणार, हा माल नवा होता.

"मामाच्या गावाला यायचं आणि हॉटेलात झोपायचं? तुमच्यात काही झालंय का?"

"देवाशपथ नाही. उलट बोलणं इतकं गोड की काय सांगू! म्हणाल्या, 'वहिनी, तुमच्याकडं आधीच पाण्याची ओढाताण, त्यात आम्हा पाच जणांच्या आंघोळी. कशाला तुम्हाला त्रास?' आणि वर म्हणतात, 'बुकिंग केलंय, फक्त एकदा बघून घ्या, तुम्ही तिथल्याच.' म्हणजे वहिनीच्या घरी राहायचं नाही, वहिनीनं व्हाउचर मात्र तपासायचं."

"व्हाउचर आलंय?" काकूंचा सूरच बदलला. निवृत्त होण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी जालना रोडवरच्या एका हॉटेलात रिझर्व्हेशनचं टेबल सांभाळलेलं. नणंद-भावजयीचं प्रकरण कुणालाही आवडतंच. काकूंना व्हाउचर त्याहून जास्त आवडतं. "चष्मा घरात राहिला. तूच वाच."

"डीलक्स डबल रूम, एक. सीपी. टू अ‍ॅडल्ट्स, वन चाइल्ड. रविवार ते मंगळवार, टू नाइट्स. नॉन-रिफंडेबल. आणि खाली बारीक अक्षरात, चाइल्ड स्टेज फ्री, यूझिंग एक्झिस्टिंग बेडिंग."

"आधी पत्ता वाच. गाव आपलंच आहे ना? हसू नकोस. नाव बदललं तरी पुष्कळ लोक अजून औरंगाबाद टाकूनच शोधतात, आणि बिहारातही एक औरंगाबाद आहे. घाईत बोट तिकडं पडायला वेळ लागत नाही."

"नाही, स्टेशन रोडचंच आहे."

"बरं. आता सांग, वन चाइल्ड कसं काय? मुलं तर तीन ना?"

"तीनच. थोरली तेरा, मधला नऊ, धाकटा चार. पण तीन टाकली की साइट दोन खोल्या दाखवते आणि पैसे दुप्पट. म्हणून एकच टाकलं, धाकट्याचं. म्हणाल्या, 'गेल्यावर करतील अ‍ॅडजस्ट, रात्रीपुरतंच तर झोपायचं.'"

"अगं बाई! सुट्टीतला रविवार, गाडीतून पाच माणसं उतरतात आणि कागदावर तीन. वीस वर्षं हाच तमाशा बघितला मी काउंटरमागून. नवरा बायकोकडं बघतो, बायको मुलांकडं, आणि मागं लॉबीत बॅगा. साइट दोन खोल्या दाखवते ती काही उगाच नाही. प्रत्येक खोलीला एक मर्यादा असते, मॅक्झिमम ऑक्युपन्सी. कुठं तीन मोठे, कुठं दोन मोठे आणि दोन लहान. पाच माणसं एका डीलक्स डबलमध्ये बहुतेक हॉटेलं घेतच नाहीत, मग ती कितीही लहान असोत."

"पण खोलीचेच पैसे भरलेत ना? मग आत किती का माणसं असेनात."

"तिथंच तर सगळे फसतात. दर खोलीचा असतो हे खरं, पण ती खोली दोन माणसं धरून मांडलेली असते. टॉवेल दोन, ग्लास दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, नाश्ता दोघांचा. याला म्हणायचं डबल ऑक्युपन्सी. तिसरं डोकं आलं की त्याचा हिशेब वेगळा सुरू."

"पण इथं तर मूल फ्री लिहिलंय."

"काय फ्री, ते बघ ना. स्टे फ्री. म्हणजे डोक्यावरचं छप्पर फुकट. एक्झिस्टिंग बेडिंग म्हणजे जी गादी आहे तिच्यावरच, आई-बापाच्या मध्ये. वेगळी गादी नाही. एखादी उशी मागितलीस तर देतील बापडे. आणि ताटाचं तर त्यात नावच नाही. पाच-सहा वर्षांखालच्या पोराच्या नाश्त्याला सहसा कुणी हटकत नाही, पण नऊ वर्षांचा गडी बुफेत चार इडल्या आणि दोन ऑम्लेटं उचलायला लागला की चेक-आऊटच्या बिलात ओळ येते, चाइल्ड ब्रेकफास्ट. मग बाप म्हणतो, तुम्ही तर फ्री म्हणाला होतात!"

"आमचा मधला तसाच आहे."

"म्हणून सांगते. फुकटातल्या मुलाला गादी नसते आणि ताटाचं विचारून घ्यावं लागतं."

वहिनींनी मोबाईल भिंतीवर ठेवला. "पण काकू, मूल म्हणजे किती वर्षांपर्यंत हो? थोरली तेराची आहे, पण अजून बाहुल्या आवरत नाही."

"बाहुल्यांवर नसतं ते. आणि गंमत बघ, प्रत्येक खिडकीवर वय वेगळं. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की मांडीवरचं मूल खुर्चीवर जातं, तिकीट लागतं. रेल्वेत पाचच्या आतलं, वेगळा बर्थ मागितला नाही तर, फुकट. पाच ते बारा, बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट. बर्थ हवा म्हणालात की पूर्ण. २०१६ पासून तसं आहे. एसटीत पाच ते बारा अर्धं. वेरूळ-अजिंठ्याला पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. आणि हॉटेलात पुष्कळ ठिकाणी पाच किंवा सहापर्यंत फ्री, पुढं बारापर्यंत चाइल्ड, बारा ओलांडली की अ‍ॅडल्ट."

"म्हणजे आमची थोरली..."

"तिचीच तर मजा आहे! तीच पोरगी रेल्वेत पूर्ण, लेण्यांत मूल म्हणून फुकट, हॉटेलात अ‍ॅडल्ट. आणि एसटीत बसली तर २०२३ पासून बायकांना अर्धं आहे, म्हणून पुन्हा अर्धी. एका दिवसात चार वयं."

"नणंदबाई म्हणतील, अकराची सांगू."

"सांगू दे. आधार कार्ड मागितल्यावर काय करणार? मोठ्यांची ओळखपत्रं तर घेतातच, आणि वयाचा वाद निघाला की मुलांचंही मागतात. बरं, आधार नाहीतर लायसन आणा म्हणावं. पॅन कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, त्याच्यावर पत्ता नसतो. आणि तेराची मुलगी लोकांसमोर स्वतःला अकराची म्हणवून घेईल असं वाटतं तुला? ती स्वतःच काउंटरवर जन्मतारीख सांगेल."

"सांगेल हो, ती तशीच आहे. बरं, ते सीपी काय? मी आपली समजले, कपल पॅकेज."

काकू इतक्या हसल्या की शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या आजींनी वाकून पाहिलं.

"कपल नाही गं, कॉन्टिनेंटल प्लॅन. खोली आणि नाश्ता. ईपी म्हणजे नुसती खोली. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, दुपारचं नाहीतर रात्रीचं, बहुतेक रात्रीचंच. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. कोपऱ्यावरच्या त्या महाबळेश्वरला गेल्या होत्या ना, आठवतंय?"

"त्यांचं काही झालं? भिशीत तर नुसते स्ट्रॉबेरीचे फोटो दाखवत होत्या."

"फोटोत बिल थोडंच दिसतं! एमएपी घेतलं होतं. यांना वाटलं, जेवण आहे म्हणजे सगळं जेवण आहे. तीन दिवस दुपारी हॉटेलातच ताट वाढून घेतलं, सह्या करत गेल्या. निघताना दुपारच्या जेवणांचं बिल आलं, तेव्हा कळलं की प्लॅनमध्ये फक्त रात्रीचं होतं. वर बिलात सर्व्हिस चार्ज."

"तो द्यावाच लागतो ना?"

"मुळीच नाही. जीएसटी द्यावाच लागतो, तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. तो आपणहून बिलात लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच धरलं. काढा म्हणायचं. नाही काढला तर १९१५ ला फोन लावायचा, ग्राहक हेल्पलाइन आहे. पण यांनी गुपचूप भरला. बरोबर दिराचं कुटुंब होतं, त्यांच्यासमोर हुज्जत कशी घालायची?"

"अगंबाई, म्हणून दोघी जावा परत आल्यापासून भिशीत बोलत नव्हत्या!"

"ते बिलामुळं नाही, ते ट्विन शेअरिंगमुळं. ऐक. टूरवाल्याच्या जाहिरातीत आकडा होता तो पर पर्सन, ट्विन शेअरिंग. म्हणजे एका खोलीत दोघं धरून, माणशी. यांनी मुलांना त्यातून वगळलं. जावेनं आपल्या मुलांचे चाइल्ड विदाउट बेडचे पैसे भरले, यांनी भरलेच नाहीत. तिथं पोचल्यावर जावेच्या पोरांना नाश्त्याची नोंद, यांच्या पोरांना नाही. पुढचं मी काय सांगू?"

"सांगा ना."

"जावेच्या पोरानं यांच्या पोराला म्हटलं, 'तुझ्या मम्मीनं तुझे पैसे भरले नाहीत.' झालं!"

वहिनींनी तोंडावर पदर धरला. मग एकदम गंभीर झाल्या. "काकू, हेच आमच्या घरात व्हायला नको. ते विदाउट बेड, विथ बेड मला नीट सांगा."

"सोपं आहे. टूरवाले सीडब्ल्यूबी लिहितात, ते चाइल्ड विथ बेड. मुलाला वेगळी गादी मिळणार. सीएनबी म्हणजे चाइल्ड नो बेड. गादी नाही, पण प्लॅनमधलं जेवण, गाडीतली जागा वगैरे त्या पैशात धरलेलं असतं, म्हणून ते फुकट नसतं. आणि विथ बेडमधला बेड म्हणजे लाकडी पलंग येईल अशा भ्रमात राहू नको. बहुतेक ठिकाणी चाकांचा घडीचा पलंग, नाहीतर जमिनीवर गादी. तीही रात्री दहाला मागितलीत तर संपलेली असते, म्हणून आधी सांगायचं. खोली लहान असेल तर एकच मावते. आणि तेराच्या मुलीची गादी एक्स्ट्रा चाइल्डच्या दरात नाही येणार, एक्स्ट्रा अ‍ॅडल्टच्या दरात येईल."

"आणि यांनी डबल घेतलंय. ट्विन घेतलं असतं तर?"

"डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे. चार वर्षांचं पोर घेऊन झोपायचं तर डबलच बरं. ट्विनच्या फटीतून पडतं. दोन मोठी मुलं असतील तर ट्विन बरं. आणि दोन खोल्या घ्यायच्या झाल्या तर 'अ‍ॅडजॉइनिंग' वाचून खुश व्हायचं नाही. ती नुसती शेजारची खोली, मधे भिंत. 'कनेक्टिंग' म्हणायचं, आतून दार असतं. तरी साइटवर ते 'ऑन रिक्वेस्ट' असतं. रिक्वेस्ट म्हणजे विनंती, वचन नाही. कनेक्टिंग नाही मिळाली तर लहान मुलं एका खोलीत एकटी कशी सोडणार? मग आई एका खोलीत, बाप दुसऱ्या खोलीत, आणि सहल कसली ती!"

"मग दुसरी खोली घ्यायला सांगू का? किती जाईल?"

"धर, खोली ३,५०० ची. दोन रात्रींचे ७,०००. साइट मोठ्या अक्षरात तेवढंच दाखवते आणि खाली बारीक 'प्लस टॅक्सेस'. ७,५०० पर्यंतच्या खोलीला जीएसटी पाच टक्के, त्याच्या वर अठरा. आधी बारा होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच झाला. म्हणजे ३५० धरून ७,३५०. दोन खोल्या घेतल्या की १४,७००. म्हणून तुझी नणंद एका मुलावर थांबली."

"कॅन्सल करून दुसरं बघायला सांगू?"

"नॉन-रिफंडेबल आहे ना ते? स्वस्तात मिळतं ते त्याच्यामुळंच. फ्री कॅन्सलेशन असतं तर त्यातही तारीख-वेळ बघावी लागली असती. 'अमुक तारखेच्या बारापर्यंत' म्हणजे त्यानंतर एका रात्रीचे तरी जातात. इथं तर आलं नाहीत तरी सगळे गेले. आता पैसे भरलेत, तेव्हा आहे त्याच कागदात बसवायचं. कार्यक्रम काय ठरवलाय त्यांनी?"

"रविवारी दुपारी पोचणार, बीबी का मकबरा. सोमवारी अजिंठा. मंगळवारी वेरूळ करून पुण्याला परत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद! दोन्ही दिवशी दारावर जाऊन कुलूप बघून येतील. मुद्दाम ठरवूनही असं जमलं नसतं."

"अय्या! मग?"

"उलटं करा. सोमवारी वेरूळ, तिथंच घृष्णेश्वर, येताना दौलताबाद. तीस किलोमीटरच्या आत सगळं. मंगळवारी अजिंठा. पण ते शंभर किलोमीटर, आणि पुण्याच्या उलट दिशेला. शिवाय खाली फर्दापूरजवळ गाडी ठेवून बसनं वर जावं लागतं, वेळ जातो. इथं चेक-आऊट अकराला असेल, तर अजिंठ्याहून येईपर्यंत खोली हातातून गेलेली. म्हणजे सकाळी साडेसातलाच खोली सोडायची आणि बॅगा..."

"बॅगा माझ्याकडं ठेवता येतील."

"हां. आणि नाश्ता आठला सुरू होत असेल तर पैसे भरलेला नाश्ता बुडाला. पॅक करून द्याल का, आधीच विचारायचं. टू नाइट्स म्हणजे दोन दिवस नव्हेत. दुपारी दोनला किल्ली मिळणार आणि परवा अकराला परत घेणार. लवकर गेलात तर अर्ली चेक-इन म्हणून वेगळे मागतात, नाहीतर चार वर्षांचं पोर घेऊन लॉबीत बसायचं."

"ते माझ्याकडं येऊन बसतील. जेवतील, मग जातील. पण काकू, आमची छोटी आता हट्ट धरून बसलीय की मीही आत्याबरोबर हॉटेलात झोपणार. स्विमिंग पूल आहे म्हणे."

"तिला नको पाठवू. एकतर माणूस वाढलं. दुसरं, पुष्कळ हॉटेलं गावातल्याच पत्त्याचं ओळखपत्र घेत नाहीत. लोकल आयडी म्हटलं की नकार. भेटायला गेलीस तरी लॉबीतच बसवतील, नाहीतर नऊ वाजता 'व्हिजिटर बाहेर' म्हणतील. आपल्याच गावात असं हकलून घ्यायचं कशाला?"

"म्हणजे पाचाची खोली मिळत नाही, दोन खोल्या परवडत नाहीत, सोडताही येत नाही. आणि मी हे सगळं सांगितलं की नणंदबाई म्हणणार, वहिनीला आम्ही हॉटेलात उतरलेलं खुपलं."

"काहून म्हणतील? तू काही बोलूच नकोस. व्हाउचर बोलू दे. परत वाच, किती माणसं लिहिलीत?"

"टू अ‍ॅडल्ट्स, वन चाइल्ड."

"चाइल्डचं वय?"

"चार."

"मग झालं की! नणंद, जावई आणि धाकटा. कागदाप्रमाणं अगदी बरोबर. खोटं बोलायला नको, एक्स्ट्रा बेड नको, एक रुपया वर नको. थोरली आणि मधला रात्री कुठं झोपणार?"

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग भिंतीवर हात आपटून म्हणाल्या, "मामाकडं!"

"आता कशी! दोन पोरांच्या आंघोळीला कितीसं पाणी लागतं? कमी पडलं तर माझ्याकडून पाइप टाक. तुझी छोटी हॉटेलचा हट्टही सोडेल, भावंडं घरातच आल्यावर. नणंदेचं हॉटेल राहिलं, तुझं घर राहिलं. तिला म्हण, 'ताई, व्हाउचरवर तिघंच आहेत, दोघांना उगाच काउंटरवर थांबवतील, ती माझ्याकडं राहू देत.' यात खुपण्यासारखं काय आहे? तीच म्हणेल, वहिनीनं वाचवलं."

"आणि हॉटेलला काय विचारू?"

"फोन करू नकोस, केलास तरी उत्तर लेखी घे. मेसेज नाहीतर ईमेल. फोनवर जो 'हो मॅडम' म्हणतो त्याची त्या दिवशी ड्यूटी नसते. लिही: बुकिंग नंबर अमुक, दोन मोठे, चार वर्षांचा एक मुलगा, वेगळी गादी नको. त्याचा नाश्ता दरात धरलाय का? मंगळवारी साडेसातला निघणार, नाश्ता बांधून द्याल का? टॅक्स धरून पूर्ण पैसे भरलेत, आणखी काही द्यायचं बाकी आहे का? एवढं चार ओळींत. आणि उत्तराचा फोटो काढून नणंदेला पाठव, म्हणजे तुझ्यावर काही यायला नको."

"आत्ताच पाठवते. काकू, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं."

"ते राहू दे. पोरं दोनच रात्री राहणार आहेत ना?"

"म्हणजे काय! मंगळवारी जाणार सगळे."

"तसं नणंदेला स्पष्ट कळव बरं का. मामाकडं स्टे फ्री, गादी वेगळी, तिन्ही वेळचं जेवण धरलेलं. असा प्लॅन मिळाल्यावर सुट्टी संपेपर्यंत चेक-आऊट कोण करतंय?"